घरटी एक बाई

आमच्या वाडीत कुठलंही सार्वजनिक काम निघालं की ते घरटी एक माणूस या हिशोबाने होतं. पाखाडीची पायवाट साफ करायची, घरटी एक. होळीचं लाकूड आणायचं, घरटी एक. कुणी मेलं तर लाकडं फोडायला घरटी एक. कोण जाणार ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवायचं, आणि घरं साधारणपणे ज्याच्या नसण्याने काही अडणार नाही असा माणूस पाठवतात. आमच्या घरातून माझे यजमान जातात.

पद्धत वाईट नाही. मी बिरवाडीची, कंपन्यांच्या भोंग्यांवर वाढलेली. तिकडे एका खोलीत चार जण राहिले तरी कुणी कुणाच्या वतीने पाण्याची बाटलीसुद्धा भरत नाही. लग्न होऊन कापड्याच्या वरच्या या वाडीत आले, अंगणवाडी सेविका झाले, आणि इथल्या रीतभातींवर तोंड उघडायला लागले. मी अजून बोलते. लोकांनी ऐकणं तेवढं सोडलं आहे.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि खळ्यांवर भाताची झोडणी चालू होती, तेव्हा रेश्मा वर आली. रेश्मा आमची आशाताई. कापड्याला राहते आणि चार वाड्या पायी फिरते. बायका सगळ्या खळ्यावर, म्हणून ती भेटली भागोजींना. भागोजी आमच्या गावकीचे अध्यक्ष. तिने सांगितलं की मंगळवारी पोलादपूरला शिबिर आहे, स्तनांच्या कॅन्सरची तपासणी आहे, तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी यायचं, गाडी देवळापाशी येईल. भागोजींनी 'तपासणी' हा शब्द नीट ऐकला. 'स्तन' शब्दापासून पुढे ते जमिनीकडे बघत होते, असं रेश्मानेच मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी भागोजींनी देवळासमोर उभं राहून पुकारलं, "मंगळवारी पोलादपूरला बायकांची तपासणी हाय. घरटी एक बाई."

मी लगेच गेले. म्हटलं, "भागोजीभाऊ, घरटी एक नाही. सगळ्यांनी जायचंय."

"सगळ्या गेल्या तर झोडणी कोन करील?"

"एक दिवस थांबेल झोडणी."

"अनुपमाताई, घरटी एक गेली म्हंजे घर गेलंच की."

मी म्हटलं, छाती ज्याची त्याची असते, घराची नसते. त्यावर देवळासमोर असलं बोलू नये असं ते म्हणाले आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर बायकांनाही हे पसंत पडलं. एक गेली की बाकीच्यांना कुणापुढे चोळी सोडायला नको. ज्या त्या घराने आपली बाई ठरवली, आणि बहुतेक घरांनी सासू ठरवली, कारण सून खळ्यावर लागते. चंद्राबाईंच्या घरात चार बायका आहेत. त्यांतून निवड झाली ती चंद्राबाईंची. त्यांना कमी ऐकू येतं आणि त्या कुणाच्या कामात नसतात.

आमच्या शेजारच्या घरातून ठकूबाई काकी जाणार हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. यजमान गेल्यापासून लग्न असो, मयत असो, गावकीची बैठक असो, त्या घराचं माणूस म्हणजे ठकूकाकी. तो त्यांचा मान आहे. घरात त्या, त्यांची सून समीक्षा आणि नात दिशा, एवढ्याच. मुलगा किशोर मुंबईला कुरिअरची गाडी चालवतो आणि गणपतीला, शिमग्याला येतो. काकींनी सोमवारीच घालायचं म्हणून आधीपासून लुगडं धुऊन ठेवलं. शिबिर सोमवारी की मंगळवारी यावर आमचा थोडा वाद झाला, तो त्या हरल्या.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं घासत होते. समीक्षा आत आली, दार लोटलं, माझा खरकटा हात धरला आणि ब्लाउजवरून डाव्या छातीच्या वरच्या अंगाला दाबला. आत सुपारीएवढं काहीतरी कडक होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपासून."

"दुखतं?"

"नाय. म्हनून तर बरं वाटतंय."

मला राग आला. आम्हा सेविकांची प्रशिक्षणं होतात, तिथे चहा-बिस्किटं खात आम्ही जे ऐकतो त्यातलं हे मला पक्कं आठवत होतं. दुखत नाही म्हणजे बरं, असं यात नसतं; बहुतेकदा दुखतच नाही, आणि त्यातच बायका उशीर करतात. मी तिला ते सांगितलं. सांगताना आवाज चढला. मग म्हटलं, उद्याच्या उद्या महाडला जाऊ, मी येते.

ती नको म्हणाली. तिचं माहेर नाते गावचं. तिथे तिच्या आत्याने अशीच गाठ पदराखाली लपवली, ती फुटून वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं, आणि मग काही उरलंच नव्हतं. आत्या गेली ते गेलीच, पण तिच्या मुलींना बघायला येणारे आधी ते विचारायचे.

"माज्या दिशाचं पन उद्या तेच इचारतील," समीक्षा म्हणाली. "साध्या दिवशी दवाखान्यात गेले तर यष्टी परत यायच्या आत वाडीला कळंल. शिबिराचं तसं नाय, वैनी. शिबिराला कुनी आजारी म्हनून जात नाय."

हे बोलणं मला पटलं आणि पटल्याचा आणखी राग आला. म्हटलं, "मग शिबिराला जा."

"आई चालल्यात. घरटी एक."

"माझ्या जागी जा."

"तुमच्या घरची बाई म्हनून? आन लोक इचारतील, ही का गेली."

तेही खरं होतं. मी पातेलं उगाचच परत घासायला घेतलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी वेगळी निघाले तर?"

मला आधी कळेना. मग कळलं. चूल वेगळी झाली की उंबरा वेगळा धरतात. उंबरा वेगळा झाला की त्याचं वेगळं माणूस. त्याला भागोजी नाही म्हणू शकत नाहीत, गावकीही नाही म्हणू शकत नाही.

"एक गाठ दाखवायला तू घर मोडणार?"

"घर मोडलेल्या बाया वाडीत हायत की," ती म्हणाली. "त्यांच्या पोरींची लग्नं झाली."

मी कुणालाही काही सांगणार नाही अशी तिने मला माझ्या मुलाची शपथ घातली आणि गेली.

वेगळं निघायचं तर आधी भांडण लागतं. इथेच अडलं. समीक्षा आणि ठकूकाकींचं लग्नापासून कधी वाजलेलंच नाही. समीक्षाने आमटीत मुठीने मीठ घातलं. काकींनी ती आमटी भाताबरोबर गपचूप संपवली आणि हिला विचारलं, "जीव कुठं हाय गो तुजा? जा, वाईच पड." दुसऱ्या दिवशी तिने काकींच्या देखत घागर आपटली. काकींनी तिच्या पायावर तर पडली नाही ना ते बघितलं आणि पोचा आलेली घागर उचलून ठेवली. चांगल्या सासूशी भांडणं किती अवघड असतं याचा मला अनुभव नव्हता.

शेवटी ती सरळच बोलली. काकी अंगणात भात पाखडत होत्या, मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते. समीक्षा म्हणाली, "आई, मला वेगळं निघायचंय."

काकींचं सूप थांबलं. "कशापायी?"

"असंच."

"माजं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं."

काकींनी सूप रिकामं केलं. मग म्हणाल्या, "मग नीघ."

भांडी त्यांनी स्वतः वाटली. मोठा टोप, नवा तवा आणि झाकण बसतं ते पातेलं सुनेकडे दिलं; पोचा आलेली घागर आणि वाकडी परात स्वतःकडे ठेवली. समीक्षाने पडवीत तीन दगड मांडून चूल पेटवली. भागोजी नारळ घेऊन आले, फोडला, वाडीत नवा उंबरा धरला आणि खोबरं वाटलं. दिशा दोन्हीकडे जेवायला लागली. वाडीतल्या या सगळ्या प्रकारात फायदा झाला तो तिचा एकटीचा.

मुंबईहून किशोरचा फोन आला. तो बायकोवर ओरडला, मग आईला म्हणाला की मी येऊन बघतो तिच्याकडे. काकी म्हणाल्या, "तिला वेगळं व्हायचंय तर होऊंदे. तू गाडी चालव." मग त्याने मला फोन केला. तुमच्या घरातलं तुम्ही बघा, असं म्हणून मी फोन ठेवला, कारण आणखी मिनिटभर बोलले असते तर मी सगळं सांगून टाकलं असतं.

त्या दिवसापासून काकी सुनेशी बोलल्या नाहीत. रागावल्या म्हणून नाही, असं त्या मला म्हणाल्या; शेजाऱ्यांशी कामापुरतंच बोलावं. समीक्षाच्या पडवीतला धूर काकींच्या ओटीवर जायचा आणि त्या डोळे पुसत बसायच्या. धुराने, असं त्या म्हणायच्या. मी दोघींच्या मध्ये सापडले होते आणि मला दोघींचं वाईट वाटत होतं.

मंगळवारी गाडी आली. भागोजींनी उंबऱ्यांच्या क्रमाने बायका बसवल्या. ठकूकाकी ड्रायव्हरच्या मागे, समीक्षा अगदी शेवटी, कारण तिचं घर सगळ्यात नवीन. पोलादपूरच्या शिबिरात पडद्यामागे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. एकेक बाई आत जायची. मी नावं सांगायला पडद्यापाशी उभी होते. चंद्राबाई आतून मोठ्याने म्हणाल्या, "माज्या तिन्ही सुनांचं पन यातच धरा." ठकूकाकी म्हणाल्या, "मी घराच्या वतीनं आलेय," आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे माज्या एकटीच्या." डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन मला विचारलं की तुमच्या गावात तरुण बायका नाहीत का. मी म्हटलं आहेत, खळ्यावर आहेत. उंबऱ्याचं प्रकरण मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त पाणी मागितलं.

समीक्षाला आत वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात महाडच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी होती. येताना गाडीत तिला कुणी काही विचारलं नाही, म्हणजे काहीतरी निघालंय हे सगळ्यांना कळलं होतं. ठकूकाकी पुढच्या सीटवरून पूर्ण वळल्या, सुनेच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. मग सरळ बसल्या आणि कापडे येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिल्या. भांडण नसताना सून का वेगळी निघाली हे त्यांना त्या रस्त्यावर समजलं असणार.

महाडला जायच्या दिवशी मी आणि समीक्षा सकाळी कापड्याच्या थांब्यावर गेलो, तर ठकूकाकी आधीच तिथे पिशवी घेऊन बसलेल्या.

"काकी, कुठे?"

"महाडच्या बाजाराला," त्या म्हणाल्या. त्या दिवशी बाजार नव्हता.

त्या आमच्याबरोबर एसटीत चढल्या, महाडला उतरल्या आणि आमच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून दवाखान्यात आल्या. सिस्टरने विचारलं, पेशंटबरोबर कोण. मी म्हटलं, मी शेजारीण. तिने काकींकडे बघितलं.

"मी पन शेजारीन," काकी म्हणाल्या. "हिची चूल वेगळी हाय."

समीक्षाची सोनोग्राफी झाली, मग सुई घालून गाठीचा तुकडा काढला. आम्ही दोन शेजारणी बाहेर बाकावर बसलो. काकींनी चहा घेतला नाही, वडा घेतला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. समीक्षा छातीवर हात धरून बाहेर आली तेव्हा त्या उठल्या, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि पुढे चालू लागल्या.

रिपोर्टला दिवस लागले. त्या दिवसांत मला मुलं ओरडली तरी ऐकू येत नव्हतं. समीक्षा झोडणी करत होती, दोन माणसांची करत होती. रिपोर्टच्या दिवशीही काकी थांब्यावर आमच्या आधी हजर होत्या. या वेळी त्यांनी बाजाराचं नाव घेतलं नाही.

डॉक्टरांनी आत बोलावलं. समीक्षा उठली तशी मीही उठले, तशा काकीही उठल्या. सिस्टरने हात आडवा केला. "घरच्यांपैकी एकच. शेजारी बाहेर बसा."

मी बसले. काकी उभ्याच.

"आजी, तुम्हीपण."

"मी सासू हाय हिची."

"मागच्या वेळी तुम्ही शेजारीण म्हणालात."

"तवा रागात व्हते," काकी म्हणाल्या आणि सिस्टरचा हात बाजूला करून आत गेल्या.

दार पुरतं लागलं नाही, म्हणून मला ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, गाठ कॅन्सरची आहे. ते पुढे काही बोलले ते पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं. गाठ लहान आहे, काखेत पसरलेली दिसत नाही, ऑपरेशन करायचं, मग औषधं आणि लाइट, म्हणजे किरणोपचार, घ्यावी लागेल. एवढ्या लवकर आलेल्या बहुतेक बायका बऱ्या होतात.

काकींनी विचारलं, "जगंल ना?"

"चांगली आशा आहे. वेळेवर आलात, आजी."

"वेळेवर नाय आलो," काकी म्हणाल्या. "घर मोडून आलो."

बाहेर आल्यावर त्या दोघी माझ्या शेजारी बसल्या. माणसं येत-जात होती. काकी म्हणाल्या, "वेगळं निघायचंय ते सांगितलंस. आन हे नाय सांगितलंस."

"भ्याले."

"कुनाला?"

समीक्षाने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर शिबिराला तुमच्या जागी मला धाडलं असतंत?"

काकींनी विचार केला. खोटं बोलून मोकळं व्हायची ती वेळ होती, पण त्या खरोखर विचार करत होत्या. "त्या टायमाला नसतं धाडलं," त्या म्हणाल्या. "मान माजा व्हता." मग त्यांनी सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "माजं चुकलं गो. तू मरून गेली असतीस आन मी मान घेऊन बसले असते."

समीक्षा रडली. मीही रडले. सिस्टरने आम्हाला बाजूच्या बाकावर जायला सांगितलं, कारण तिथे रांग लावायची होती.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. पोलादपूर सुटल्यावर काकी मला म्हणाल्या, "अनुपमा, भागोजीला लाव." मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात त्यांनी फोन छातीशी झाकला आणि समीक्षाकडे वळल्या.

"त्याला कारन द्यावं लागंल. सांगू?"

समीक्षा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर कापलेली शेतं होती. तिने जे लपवण्यासाठी घर मोडलं होतं ते आता काकींच्या तोंडाशी आलं होतं, आणि ती नाही म्हणाली असती तर काकी गप्प बसल्या असत्या. मला तिची मान दिसत होती. ती वळली आणि म्हणाली, "सांगा."

काकी फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, समोरचा माणूस डोंगरापलीकडे आहे हे त्या विसरत नाहीत. "भागोजी, ठकू बोलतेय. आमचा उंबरा परत एक धर... कारन हाय. सुनेच्या छातीत कॅन्सरची गाठ निघालीय... छातीत, छातीत. जमिनीकडं बघू नको, नीट आयक. लवकर घावलीय, आपरेशन करून बरी व्हनार हाय. तिला आता चूल फुकायची नाय, मी फुकनार. आन तुज्या घरातनं शिबिराला कोन गेली व्हती?... म्हातारी. मग बायको कवा जानार? तिची छाती काय म्हातारीला लावलीय?... परवा मी सगळ्या सुनांना घेऊन खाली दवाखान्यात जानार हाय, गाडी बघून ठेव. घरटी एक नाय. सगळ्या."

कंडक्टर तिकिटाची मशीन हातात धरून दारापाशी उभा होता. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि परत रस्त्याकडे बघितलं. मी समीक्षाकडे बघितलं तर ती ताठ बसली होती, पदर सारखा करून, लग्नात फोटोला बसतात तशी.

पुढच्या सीटवर एक बाई होती, आमच्या ओळखीची नव्हती, मांडीवर पोर घेतलेली. ती अर्धवट वळली, परत सरळ झाली, परत वळली. मग हळूच समीक्षाला म्हणाली, "ताई, दुखत व्हतं का हो तुमाला?"

"नाय," समीक्षा म्हणाली. "जरासुदिक नाय."

त्या बाईचा चेहरा उतरला. तिने पोर या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

समीक्षा उठली, चालत्या गाडीत दांड्याला धरून पुढे गेली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.